सिक्लिडची अंडी का वाया जातात? मुंबईतल्या घरच्या टाकीसाठी प्रश्नोत्तरं

एंजल, रॅम, कॉन्व्हिक्ट, क्रिबेन्सिस, डिस्कस आणि आफ्रिकेतल्या मलावी तळ्यातले रंगीत मासे, हे सगळे सिक्लिड. खाणंपिणं आणि पाणी नीट असलं की घरच्या टाकीत अंडी घालायला हे मासे फारसे आढेवेढे घेत नाहीत. अडतं ते पुढे. अंडी पांढरी पडतात, रातोरात गायब होतात, नाहीतर पिल्लं निघून आठवड्याच्या आत तळाशी मरून पडतात. मुंबईत त्यात इमारतीच्या टाकीचं पाणी, एसी आणि गल्लीतली धूरफवारणी यांचीही भर पडते. सतत विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

काल संध्याकाळी अंडी होती, सकाळी एकही नाही. माशांनीच खाल्ली ना?

बहुतेक वेळा हो. पण का खाल्ली ते कळल्याशिवाय पुढच्या खेपेलाही तेच होणार. म्हणून कोणी खाल्ली यापेक्षा अंडी *कधी* गेली, हे आधी बघा. अंडी घातल्याची वेळ कागदावर लिहून टाकीला चिकटवा. त्या एका नोंदीवरून अर्धं निदान होतं.

पहिल्या काही तासांतच गेली, तर जोडी बिचकली असं धरा. टाकीसमोर सारखी ये-जा, काचेवर टकटक, फ्लॅश मारून फोटो, समोरच्या टीव्हीचा उजेड, गणपतीतले ढोल, दिवाळीतले फटाके, कुठलंही कारण पुरतं. धोका वाटला की आईबाप अंडी गिळून टाकतात. टाकीच्या तीन बाजूंना काळा किंवा निळा कागद लावा आणि समोरच्या बाजूला एक पडदा अडकवा. इतक्यानेच पुष्कळ जोड्या शांत होतात.

रात्रीत गेली, तर संशयित दोन. टाकीत प्लेको, लोच (हे तळाशी फिरणारे मासे) किंवा गोगलगायी असतील तर त्यांनी अंधारात काम साधलं असेल. दुसरं कारण अंधारच. पक्का काळोख झाला की आईबापांना अंडी दिसत नाहीत आणि राखण सुटते. अंडी आणि लहान पिल्लं असेपर्यंत खोलीत झीरोचा दिवा रात्रभर चालू ठेवा. टाकीचा मोठा लाइट एकदम बंद करू नका. आधी खोलीतला दिवा लावा आणि १०-१५ मिनिटांनी टाकीचा विझवा.

दुसऱ्या दिवशी थोडी थोडी करून कमी झाली, तर ती बहुधा न फळलेली अंडी होती. पांढरं पडलेलं अंडं आईबाप स्वतःच उचलून खातात, कारण त्यावरची बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांना धरते. बाहेरून बघणाऱ्याला मात्र मासे अंडी फस्त करताहेत असंच वाटतं.

आणि अडीच-तीन दिवसांनी सगळी एकदम दिसेनाशी झाली, तर घाईने निष्कर्ष काढू नका. अंडी फुटली की आईबाप वळवळणारी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवतात. कॉन्व्हिक्ट आणि क्रिबेन्सिस ती कुंडीच्या आत किंवा वाळूतल्या खड्ड्यात ठेवतात, एंजल पानाच्या मागे चिकटवतात. टॉर्च न मारता कोपरे शोधा. आईबाप एकाच जागी तोंड करून पंखाने वारा घालत असतील तर पिल्लं तिथेच आहेत.

अंडी पांढरी पडतात. पाण्यात बुरशी आहे का?

बुरशीचे बीजाणू प्रत्येक टाकीत असतातच. जिवंत अंड्यावर ती सहसा चढत नाही, मेलेल्या अंड्यावर चढते. मूळ प्रश्न अंडं का मेलं, हा आहे.

२४ तासांच्या आत बहुतेक सगळी दुधासारखी पांढरी झाली तर ती फळलीच नव्हती. आधी पारदर्शक होती, आत काळे ठिपके दिसायला लागले होते आणि मग पांढरी पडली, तर ती फळली होती, नंतर मेली. त्या वेळी पाणी, तापमान, हवा यांच्याकडे बघा. शे-दोनशेमधली थोडी पांढरी निघणं मात्र नेहमीचंच आहे.

न फळण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे टाकीत नरच नसणं. दोन एंजल माद्यांची छान जोडी जमते. दोघी जागा साफ करतात, दोघी अंडी घालतात, राखणही करतात. एरवी ३०० अंडी घालणाऱ्या जातीची एकदम ५००-६०० दिसली, किंवा दोघांच्याही पोटाखाली जाड नळी दिसली, तर दोन्ही माद्याच आहेत. एंजलमध्ये नर-मादी ओळखायची खात्रीची वेळ ही एकच, अंडी घालायच्या आदल्या दिवसापासूनची. मादीची नळी जाड आणि बोथट असते, नराची बारीक, टोकदार आणि पुढे झुकलेली. कपाळाच्या उंचवट्यावरून किंवा पंखांच्या लांबीवरून केलेला अंदाज पुष्कळदा चुकतो.

बाकीच्या जातींत काम सोपं आहे. रॅमच्या मादीचं पोट गुलाबी असतं. कॉन्व्हिक्टच्या मादीच्या पोटावर केशरी छटा असते. क्रिबेन्सिसची मादी आखूड आणि गोलसर, पोटावर गडद जांभळट-लाल डाग; नर लांब, पंखांची टोकं अणकुचीदार.

नर असूनही अंडी फळत नसतील तर तीन गोष्टी तपासा. अंडी घालताना फिल्टरचा जोराचा झोत त्या जागेवर पडत असेल तर वीर्य अंड्यांवर टिकत नाही. तेवढा वेळ झोत वळवा किंवा नुसत्या स्पंज फिल्टरवर ठेवा. नर फार लहान असेल तर त्याला वेळ द्या, कारण पहिल्या तीन-चार खेपा पुष्कळ जोड्यांच्या फुकट जातात. तिसरी गोष्ट पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातल्या क्षारांचं प्रमाण, त्याबद्दल पुढे येईलच. दुकानातले अगदी भडक रंगाचे, वयाच्या मानाने जरा जास्तच रंगलेले रॅम शक्यतो टाळा. रंग चढवण्यासाठी हार्मोन दिलेले नर नापीक निघू शकतात.

फ्लॉवरहॉर्न किंवा पॅरटची अंडी कधीच फळत नाहीत, असं का?

दोन्ही माणसाने केलेल्या संकराच्या जाती आहेत. ब्लड पॅरटची मादी नियमित अंडी घालते, पण नर बहुतेक नापीक असतात. फ्लॉवरहॉर्नचेही बरेच नर नापीक निघतात. औषध घालून किंवा पाणी बदलून यात फरक पडत नाही, उगाच खर्च करू नका.

जोडी विकत घ्यावी की स्वतः लावावी?

स्वतः लावा. साधारण रुपयाच्या नाण्याएवढे सहा एंजल एकत्र वाढवा. आठ-दहा महिन्यांत त्यातले दोघं कोपरा धरतात आणि बाकीच्यांना हाकलायला लागतात. ती जोडी वेगळ्या टाकीत हलवा. दुकानात ‘ब्रीडिंग पेअर’ म्हणून मिळणारी जोडी कधी कधी अंडी खाणारी म्हणूनच विकायला काढलेली असते. घ्यायचीच असेल तर त्यांची राखण सुरू असताना डोळ्यांनी बघून घ्या.

टाकी केवढी लागते आणि आत काय ठेवायचं?

एंजल किंवा डिस्कसच्या जोडीला दोन बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे साधारण १२० लिटर. रॅम, क्रिबेन्सिस आणि कॉन्व्हिक्टला दोन बाय एक बाय एक फूट, ५५ लिटर, पुरते. मलावीला चार फुटांच्या खाली जाऊ नका. मुंबईच्या घरात जागा हाच मोठा प्रश्न आहे हे खरं, पण एक लिटरला एक किलो वजन धरून स्टँडची ताकद तपासल्याशिवाय टाक्या एकावर एक रचू नका.

अंड्यांच्या टाकीचा तळ उघडा ठेवा, वाळू-खडे नकोत. क्रिबेन्सिसला मात्र बारीक वाळूचा पातळ थर आवडतो. फिल्टर स्पंजचाच हवा. मोटरचा फिल्टर पिल्लं ओढून घेतो.

अंडी कुठे घालायची हे जोडी ठरवते, पण तुम्ही सोय करून देऊ शकता. एंजलला उभा किंवा तिरका पृष्ठभाग लागतो. दोन-अडीच इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा करा किंवा चकचकीत नसलेली फरशी काचेला टेकवून तिरकी ठेवा. क्रिबेन्सिस आणि कॉन्व्हिक्टला धारावीच्या कुंभारवाड्यात मिळते तशी साधी, रंग न दिलेली मातीची कुंडी आडवी ठेवा. क्रिबेन्सिससाठी कुंडी पालथी घालून काठाला मादी जेमतेम आत शिरेल एवढी खाच पाडा. नवी कुंडी दोन दिवस पाण्यात भिजवून घ्या.

स्वयंपाकाच्या ओट्याचा उरलेला कडप्पा टाकीत टाकायचा मोह बऱ्याच जणांना होतो. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे, पाणी हळूहळू जड करतो. कुठल्याही दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. फसफसला तर रॅम, एंजल, डिस्कसच्या टाकीत तो नको.

हीटरच्या काचेवर अंडी घालणं ही एंजलची जुनी खोड. हीटर चालू झाला की अंडी तिथेच शिजतात. हीटरला प्लास्टिकची जाळीदार नळी घाला.

मुंबईच्या नळाचं पाणी चालतं का?

चालतं, आणि यातल्या बहुतेक जातींना उत्तम चालतं. भातसा, वैतरणा, तानसा या धरण-तलावांमधून येणारं पाणी पावसाचं, म्हणून मुळात मऊ, म्हणजे कमी क्षारांचं. एंजल, रॅम आणि डिस्कस दक्षिण अमेरिकेतल्या मऊ पाण्याच्या नद्यांमधले. पाणी जड असेल तर त्यांची अंडी कमी फळतात.

गडबड होते ती पाणी तुमच्या घरात पोचेपर्यंत. इमारतीच्या सिमेंटच्या टाकीत ते मुरतं. काही सोसायट्यांत त्यात बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी मिसळतं आणि उन्हाळ्यात ते प्रमाण वाढतं. त्यामुळे शेजाऱ्याच्या टाकीत अंडी फळतात म्हणून तुमच्याकडे फळतीलच असं नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर घ्या आणि आठवड्यातून एकदा नळाचं पाणी मोजा. १५० पीपीएमच्या आत असेल तर एंजल आणि रॅमसाठी काहीच करायची गरज नाही. ३००-४०० दाखवत असेल तर अर्धं आरओचं आणि अर्धं नळाचं पाणी मिसळा. नुसतं आरओचं पाणी वापरू नका, त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि पीएच (पाणी आम्ल की अल्कली याचं माप) स्थिर राहत नाही.

मऊ पाण्याचा धोका उलट्या बाजूचा आहे. पीएच सावरून धरणारे क्षार कमी असल्यामुळे, भरपूर खाणं पडणाऱ्या पिल्लांच्या टाकीत पीएच घसरत जातो. ६ च्या खाली गेला की फिल्टरमधले जिवाणू थंडावतात आणि अमोनिया साठायला लागतो. यावर स्वस्त इलाज म्हणजे तिसऱ्यांची शिंपलं. खाऊन झाल्यावर मांसाचा कण राहणार नाही अशी घासा, २० मिनिटं उकळा, उन्हात वाळवा, ठेचा आणि पातळ कापडी पिशवीत बांधून फिल्टरजवळ ठेवा. १०० लिटरला एक मूठ पुरते. पीएच ७ च्या आसपास स्थिरावतो का ते आठवडाभर बघा, जास्त वर जायला लागला तर निम्मी काढा.

क्लोरीनसाठी हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, १०० लिटरला १ ग्रॅम. पाण्यात विरघळवून घाला आणि ढवळा. नाहीतर पाणी २४ तास उघड्या ड्रममध्ये हवा सोडून ठेवा. उघड्या ड्रमवर बारीक जाळी बांधायला विसरू नका. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात आणि महापालिकेचे कर्मचारी त्यासाठी घरं तपासतात.

पावसाळ्यात पाणी गढूळ येतं आणि क्लोरीनही जास्त जाणवतं. गढुळाचा बारीक गाळ अंड्यांवर बसला की त्यांना प्राणवायू मिळत नाही. जून-जुलैत साठवलेलं पाणी रात्रभर निवळू द्या आणि वरचंच वापरा.

सोसायटीची टाकी धुतली, पेस्ट कंट्रोल झालं, गल्लीत धूर सोडला. काय काळजी घ्यायची?

टाकी धुताना ब्लीचिंग पावडर वापरतात. नोटीस लागली की आदल्या दिवशीच ड्रम भरून ठेवा आणि पुढचे दोन दिवस नळाचं पाणी टाकीत घालू नका. नंतरही पहिल्या वेळी हायपो दुप्पट घाला.

पेस्ट कंट्रोल आणि धूरफवारणी त्याहून घातक. डास-झुरळांच्या औषधांतली पायरेथ्रॉइड रसायनं माशांना अतिशय विषारी आहेत. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे फवारा टाकीवर पडला नाही तरी विष आत जातं. फवारणीच्या वेळी पंप बंद करा, टाकीवर प्लास्टिक घालून कडा ओल्या फडक्याने बंद करा आणि खिडक्या उघडून खोली नीट हवेशीर झाल्यावरच पंप चालू करा. तासा-दीड तासापेक्षा जास्त वेळ लागणार असेल तर पंप दुसऱ्या खोलीत ठेवून लांब नळीने हवा आणा. अंडी असलेल्या खोलीत कॉइल किंवा डास पळवणारं मशीन लावूच नका.

तापमान किती हवं? एसीने फरक पडतो का?

एंजलला २७-२८ अंश, रॅमला २८-२९, डिस्कसला २९-३०, क्रिबेन्सिस आणि मलावीला २५-२७. मुंबईत वर्षातले बरेच महिने हीटर लागत नाही. लागतो तो डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, आणि एसीच्या खोलीत वर्षभर.

रात्री एसी २४ वर आणि दिवसा बंद, असं असेल तर छोट्या टाकीचं पाणी रोज तीन-चार अंश वरखाली होतं. एंजलची अंडी २८ अंशांना साधारण ६० तासांत फुटतात. थंड पाण्यात हा काळ लांबतो आणि तेवढा बुरशीला जास्त वेळ मिळतो. हीटर लिटरला एक वॉट या हिशेबाने घ्या.

मे महिन्यात उलटा त्रास. २५ अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांना जेमतेम ७.३. त्याच वेळी माशांना आणि अंड्यांना तो जास्त लागतो. टाकीचं झाकण काढून वर जाळी टाका, छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा, पाणी दोन-तीन अंश उतरतं. उडालेल्या पाण्याची भर रोज घाला. गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी कोमट असतं, त्यामुळे पाणी पहाटे बदलणं बरं.

अंडी आईबापांकडे ठेवावी की काढावी?

कॉन्व्हिक्ट आणि क्रिबेन्सिसची अजिबात काढू नका, ते उत्तम आईबाप आहेत. पहिल्या दोन-तीन खेपा गेल्या तरी ठेवा, मासे यातूनच शिकतात. एंजल आणि रॅमच्या पिढ्यानपिढ्या अंडी काढून कृत्रिमरीत्या वाढवल्या गेल्या आहेत, म्हणून त्यांच्यात राखण करणारी जोडी विरळाच. चार-पाच खेपा सगळ्या खाल्ल्या तर अंडी काढा. पण प्रत्येक जोडीला तेवढी संधी मिळायलाच हवी. आईबापांनी सांभाळलेला पिल्लांचा थवा एकदा बघितला की ती वाट बघणं जड जात नाही.

काढायची पद्धत अशी. १२ बाय ८ बाय ८ इंचाच्या टाकीत आईबापांच्याच टाकीतलं १० लिटर पाणी घ्या. अंडी घालून आणि नराच्या फेऱ्या संपून दोन-तीन तास होऊ द्या. मग पाइप किंवा फरशी पाण्याखालीच एखाद्या भांड्यात घेऊन, पाण्यासकट उचलून छोट्या टाकीत उतरवा, अंड्यांची बाजू थोडी खाली झुकलेली ठेवा. अंड्यांपासून दोन-तीन इंचांवर एअर स्टोन सोडा. बुडबुडे अंड्यांना थेट लागायला नकोत, पण त्यांच्या अंगावरून पाणी सतत सरकताना दिसलं पाहिजे. आईबाप पंखाने जे करतात ते काम आता हा स्टोन करणार आहे. हवा मंद ठेवणं ही इथे होणारी सगळ्यात नेहमीची चूक, बुरशी त्यामुळेच पसरते.

मग मिथिलीन ब्लू, म्हणजे बुरशी रोखणारं निळं औषध. १ टक्क्याचं द्रावण असेल तर १० लिटरला २ मिलिलिटर. पाणी निळं होतं पण अंडी दिसतात, एवढंच हवं. बाटलीवर टक्केवारी छापलेली नसेल तर ती घेऊ नका. टाकीत कार्बन नको, तो औषध शोषतो. फिल्टरचा वापरातला स्पंजही नको, कारण औषधाने त्यातले जिवाणू मरतात. पांढरी अंडी रोज दोनदा ड्रॉपरने अलगद काढा. अगदी चिकटून बसलेलं निघत नसेल तर राहू द्या, ओढताना शेजारची चांगली फुटतात.

सगळी अंडी फुटली की रोज निम्मं पाणी बदला, तीन-चार दिवसांत निळा रंग जातो. नवं पाणी त्याच तापमानाचं आणि हवेच्या बारीक नळीतून थेंब थेंब.

डिस्कसची अंडीही अशीच काढता येतील?

अंडी फुटतील, पण नंतर पंचाईत होते. डिस्कसची पिल्लं पहिले काही दिवस आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन जगतात. तो घरी बनवून देणं फार कठीण. त्यामुळे अंडी जागेवरच ठेवा आणि ज्या उभ्या कोनावर (शंकूवर) ती घातली आहेत त्याभोवती अर्धा इंच अंतर राखून प्लास्टिकची जाळी गुंडाळा. आईबापांना अंडी दिसतात, पंखाचा वारा पोचतो, तोंड पोचत नाही. पिल्लं पोहायला लागायच्या आधी जाळी काढा आणि टाकीतलं पाणी आठ-दहा इंचांपर्यंत उतरवा, म्हणजे पिल्लांना आईबाप लवकर सापडतात.

मलावीची मादी अंडी तोंडात धरते आणि चार दिवसांनी तोंड रिकामं. गिळली का?

हो. न फळलेली अंडी मादी तीन ते पाच दिवसांत गिळते. पहिल्यांदा तोंडात धरणाऱ्या माद्या फळलेलीही गिळतात. नर मागे लागला, जाळीने पाठलाग झाला, टाकीत गर्दी असली की हेच होतं. एका नराला चार-पाच माद्या ठेवा, म्हणजे त्याचा त्रास एकीवर येत नाही.

मादीची हनुवटी फुगलेली दिसते, ती चघळल्यासारखं तोंड हलवते आणि खात नाही. यलो लॅब या मलावीच्या पिवळ्या जातीची मादी अशी तीन-चार आठवडे राहते. लगेच पकडायला जाऊ नका. १४ व्या-१५ व्या दिवसानंतर, रात्री दिवे बंद असताना ती सुस्त असते तेव्हा अलगद वेगळ्या टाकीत न्या. पिल्लं सोडल्यावर तिला आठवडाभर एकटीला नीट खाऊ घाला, मगच परत सोडा.

मुंबईचं मऊ पाणी मलावीला मात्र मानवत नाही. त्यांचं तळं जड, अल्कली पाण्याचं, पीएच ८ च्या आसपास. नळाच्या १०० लिटर पाण्यात २० ग्रॅम खायचा सोडा आणि २५ ग्रॅम एप्सम सॉल्ट विरघळवून घ्या. बेकिंग पावडर चालणार नाही. हे बदलायच्या पाण्यात घाला, माशांच्या टाकीत एकदम ओतू नका.

अंडी फुटली, पिल्लं वळवळत होती, पण पाचव्या-सहाव्या दिवशी मेली. काय चुकलं?

फुटल्यावर चार-पाच दिवस पिल्लं पोटाला लागलेल्या बलकावर जगतात. या काळात खाणं घालू नका, ते कुजतं आणि अमोनिया वाढतो. पीएच एकाने वाढला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो, म्हणून जड पाण्याच्या टाक्यांत पिल्लं आधी दगावतात.

पोहायला लागली की परिस्थिती उलटते. आता २४ तासांत खाणं मिळालं नाही तर मरतात. उकडलेल्या अंड्याचा बलक पाणी नासवतो, एंजलच्या पिल्लांसाठी तो नकोच. त्यांना आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची, ताजी पिल्लं द्या. रॅमची पिल्लं फार बारीक असतात, त्यांना पहिले दोन-तीन दिवस इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्मजीव) किंवा व्हिनेगर ईल (केसासारखे बारीक कृमी) लागतात. मायक्रोवर्मही चालतात.

आर्टेमियासाठी लिटरभर पाणी, २५ ग्रॅम आयोडीन नसलेलं खडे मीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, २८ अंश तापमान, वर दिवा आणि खालून जोरात हवा. प्लास्टिकची बाटली उलटी करून तळ कापला की भांडं तयार. २४ ते ३० तासांत केशरी पिल्लं निघतात. हवा आणि वरचा दिवा बंद करून, खालून उजेड दाखवून १० मिनिटं थांबा, टरफलं वर तरंगतात, पिल्लं खाली उजेडाकडे जमतात. नळीने ओढून घ्या, पातळ सुती कापडावर गाळा आणि गोड्या पाण्याने एकदा धुऊन द्या. दिवसाला तीन-चार वेळा, पोट केशरी दिसेल एवढंच. टरफलं गेली तर पिल्लांचं आतडं तुंबतं. पिल्लं साठवू नका, रोज नवी काढा. एक बाटली आज आणि दुसरी उद्या लावली की खंड पडत नाही.

अंडी घालायच्या आधी जोडीला काय खायला द्यावं?

बाजारातली ताजी करंदी किंवा जवळा, सोलून बारीक चिरून, दोनदा धुऊन. सुका खारवलेला जवळा नको. फ्रोझन ब्लडवर्म चांगले. जिवंत ट्युबिफेक्स गटाराच्या पाण्यातून येतात आणि सोबत रोग आणतात, डिस्कसला तर देऊच नका. दोन आठवडे असं खाणं, आणि मग एक दिवस ३० ते ४० टक्के पाणी टाकीपेक्षा दोन अंश थंड घालून बदला. पुष्कळ जोड्या त्यानंतर दोन-तीन दिवसांत जागा घासायला लागतात.

नर मादीला मारतोय. वेगळं करावं का?

पंख फाटले, मादी वरच्या कोपऱ्यात चिकटून बसली तर लगेच. मधोमध जाळीचा पडदा लावा. कॉन्व्हिक्टची मादी जाळीलगत अंडी घालते तेव्हा पलीकडून नर ती फळवूही शकतो, पण फळण्याचं प्रमाण घटतं. अंडी असताना भांडण जुंपलं तर कॉन्व्हिक्टच्या नरालाच बाहेर काढा, मादी एकटी सांभाळते.

आपल्याकडचा एखादा सिक्लिड आहे का?

आहे. कोकण-गोव्यात काळुंदर म्हणतात तो आणि केरळात करीमीन म्हणतात तो मासा सिक्लिडच. पण त्याला मोठी टाकी लागते. घरी वाढवायला ऑरेंज क्रोमाइड बरा, हाताएवढाही होत नाही, आणि त्याची पिल्लंही आईबापांच्या अंगावरचा स्राव चाटतात. किंचित खारं पाणी त्याला मानवतं. मंडईत मिळणारा तिलापिया मात्र आफ्रिकेचा, भारतात १९५२ साली आणलेला.

पिल्लं फार झाली. कुठे द्यायची?

एंजलची पिल्लं सहा ते आठ आठवड्यांत नाण्याएवढी होतात. क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या दुकानदारांना आधी विचारून ठेवा. नेण्याच्या आदल्या दिवशी खाणं बंद. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा. वाकड्या पाठीची, पोटावर सरपटणारी पिल्लं विकू नका, वाटूही नका. आणि कुठलीही पिल्लं पवईच्या तलावात, विहिरीत किंवा नाल्यात सोडू नका. तिलापियाने आपल्या तलावांत काय केलं ते दिसतंच आहे, कॉन्व्हिक्ट आणि फ्लॉवरहॉर्न तसेच चिवट आहेत.

जागा नसेल तर अंडीच कमी घेणं बरं. अंडी काढत राहिलात तर एंजलची जोडी दोन आठवड्यांच्या आत पुन्हा घालते आणि मादी खंगते. चार-पाच खेपांनंतर पाइप काढून घ्या, तापमान २५-२६ वर आणा, खाणं साधं करा आणि दीड-दोन महिने जोडीला विश्रांती द्या.